पदराची उलटी बाजू

आमच्या घरी लग्नाचा बस्ता आधी आईच्या वहीत बांधला जातो, मग दुकानात. माझ्या लग्नाच्या वेळी वहीत सात साड्या होत्या: साखरपुडा, हळद, मामाकडची पिवळी अष्टपुत्री, सप्तपदीचा शालू, रिसेप्शन, सत्यनारायण आणि सातवी "असू दे एखादी". मी खाडाखोड करून एकच ठेवली. अंतरपाटाला मामा आणेल ती अष्टपुत्री नेसेन, साखरपुड्याला बहिणीची चालेल, पण सप्तपदीपासून रात्री घरी जाईपर्यंत जी अंगावर असेल ती पैठणी हवी, आणि ती मी माझ्या पैशाने घेणार. बजेट ३५,००० रुपये. "एकच?" आई म्हणाली. पुढचा आठवडाभर ती हा एवढाच शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणत होती.

खरं तर आजीची पैठणी घरात होती आणि तीच नेसायची असं मी आधी ठरवलं होतं. लोखंडी कपाटातून ती काढली, गादीवर उलगडायला लागलो, तर प्रत्येक घडीवर चर्र करून चिरत गेली. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की रेशीम नेमकं घडीवर झिजतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पदर तेवढा शाबूत होता. आईने काही न बोलता सगळं परत जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलं.

माझी उंची ४ फूट ११ इंच. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यापाशी येऊन अडतो.

पहिल्या शनिवारी मी आणि आई पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. तीन मजले, पायऱ्यांपाशी चपला, गादीवर बसल्या बसल्या पाणी, मग चहा. "बजेट काय, ताई?" मी खरं सांगितलं. त्यांनी ४५,००० पासून दाखवायला सुरुवात केली. "नवरीची म्हणजे काठ कसा भरलेला पाहिजे," असं म्हणत त्या माणसाने बारा इंची काठाची, जांभळी, झगझगीत साडी माझ्याभोवती दोन मिनिटांत गुंडाळली. आरशात बघितलं तर काठ जमिनीपासून निघून थेट गुडघ्याला टेकला होता. वर खांद्यावर तोच काठ. मधे जांभळं अंग राहिलं होतं वीतभर.

"सतरंजी उभी करून ठेवल्यासारखी दिसतेयस," आई म्हणाली. तिचा हा स्पष्टवक्तेपणा एरवी मला डोक्यात जातो, त्या दिवशी उपयोगी पडला.

लहान काठाची दाखवा म्हटलं की प्रत्येक दुकानात चेहरे पडायचे. "ती मानपानाला देतात, ताई." म्हणजे ठेंगण्या मुलींची लग्नं होतच नाहीत की काय? तीन शनिवार असे गेले. पंचविसाव्या साडीनंतर डोळा मरतो. रंग दिसतात, पण आत पोहोचत नाहीत. त्यात दुकानातले ते पिवळे दिवे. त्यांच्याखाली प्रत्येक जर सोन्याची दिसते आणि माझ्यासारखी सावळी मुलगीही उजळ दिसते. एकदा मी साडी घेऊन दारात उन्हात यायला लागले, तर गल्ल्यावरून आवाज आला, "ताई, माल बाहेर नेत नाहीत."

चौथ्या दुकानात ती सापडली, असं वाटलं. वांगी रंग, चार इंची काठ, पदरावर मोर, ३१,०००. "हातमागाची ना?" मी विचारलं. त्याने साडीला लटकलेलं लेबल पुढे केलं. "हा बघा सिल्क मार्क. ओरिजिनल हातमाग." लेबल बघून मी विरघळले. ५,००० आगाऊ दिले, फॉल-पिको करून आठवड्याने न्यायची ठरली. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांचे बदाम आले. मावशीचा एक ओळीचा निरोप आला: "पदराची उलटी बाजू पाठव."

मावशी शिवणकामाची निवृत्त शिक्षिका. तिने आयुष्यभर मुलींची शिवण उलटी करूनच तपासली. सुलट बाजू कुणालाही जमते, असं तिचं म्हणणं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून परस्पर दुकानात गेले आणि पदर उलटा केला. समोरून मोर होता, मागून काही वेगळंच. एका मोराच्या पिसाऱ्यापासून दुसऱ्याच्या पिसाऱ्यापर्यंत सुटे धागे आडवे पसरलेले, काही मधेच कापलेले, त्यांची टोकं दाढीच्या खुंटांसारखी वर आलेली. फोटो काढताना माझी साखरपुड्याची अंगठी त्यातल्याच एका धाग्यात अडकली आणि समोरच्या मोराची मान आक्रसली.

मावशीने फोनवर समजावलं ते थोडक्यात असं. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या नक्षीपुरता जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच माघारी फिरतो. म्हणून मागचा मोर पुढच्या मोरासारखाच दिसतो. यंत्रावर धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. नक्षीत लागेल तिथे वर येतो, नको तिथे मागे लोंबकळतो. आणि सिल्क मार्क? ते केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने आलेलं चिन्ह, पण त्याचा अर्थ एवढाच की रेशीम शुद्ध आहे. विणलं हाताने की यंत्राने, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. म्हणजे लेबल खरं होतं, रेशीमही खरं होतं, खोटं होतं ते फक्त त्या माणसाचं वाक्य. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, तरी गिऱ्हाईक लेबल न वाचता नुसतं बघतं, हे दुकानदारांना पक्कं ठाऊक असतं. माझ्याकडे बघूनही त्याला ते लगेच कळलं असणार.

पैसे परत मिळाले नाहीत. "क्रेडिट नोट देतो," म्हणाले. तासभर भांडून मी ती घेतली आणि त्यात मानपानाच्या पाच साड्या बसवल्या. माझ्या पाच आत्यांना त्या साड्यांमागचा इतिहास अजून माहीत नाही.

मग मावशीने सूत्रं हातात घेतली. ऑगस्टातल्या एका रविवारी पहाटे पाचला आम्ही तिघी गाडीने येवल्याला निघालो. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे खात, शिर्डी, कोपरगाव करत पोहोचायला साडेदहा वाजले. येवल्यात शिरताना दोन्ही बाजूंना पैठणीच्या पाट्याच पाट्या. आई प्रत्येक पाटीपाशी "इथे बघू या का?" म्हणत होती. मावशीच्या एका विद्यार्थिनीने विणकराचं घर सुचवलं होतं, तिथेच जायचं होतं.

घर साधंच, गल्लीतलं. बाहेरच्या खोलीत दोन माग, एक खड्ड्यातला. कोपऱ्यात मुलाचं दप्तर, भिंतीला टेकवलेली सायकल. काका कापड विणत होते, काकू पदर. दोन्ही कामांतला फरक आवाजातच कळत होता. काकांचा माग खटखट चाललेला, काकूंचा जवळजवळ मुका. त्यांच्यापुढे ताण्याखाली, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांखाली, नक्षीचा आलेख ठेवला होता आणि वर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या ओळीने लोंबत होत्या. काकू बोटांनी ताण्याचे चार धागे उचलायच्या, हिरवी कांडी त्यातून काढायच्या, शेजारच्या जरीत अडकवायच्या, पुढची कांडी. मी कांड्या मोजायला लागले, चाळीसच्या पुढे नाद सोडला. अशी एक आडवी ओळ पुरी झाली की फणीचा एक ठोका. माझं पाणी पिऊन झालं, चहा झाला, आईचं निम्मं गाव विचारून झालं, तेव्हा पोपटाची शेपटी जेमतेम नखाएवढी वाढली होती. "दिवसभर बसलं तर एखाद-दोन इंच," काकू मान वर न करता म्हणाल्या.

तयार साड्या चारच होत्या, पेटीत, सुती कापडात बांधलेल्या. मावशीने पहिलीचा पदर उलटा केला आणि कपाळाला आठी घातली. काठाच्या मागे सुटे धागे! मी उठायच्याच बेतात होते. काका हसले. "मावशी, ही ब्रोकेड आहे. हातमागावरचीच आहे, पण काठाची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या जोडणीवर उचलतात, म्हणून मागे धागा सुटतो. त्यात लबाडी नाही. न सांगता विकली तर लबाडी." मग दुसरी उलगडली, आणि ती मात्र दोन्हीकडून सारखी. कुठली बाजू सुलट ते त्यांना काठाच्या टोकावरून ओळखून सांगावं लागलं. एक लेबल वाचून हातमाग ओळखणारी मी आणि पदर उलटून सगळं ओळखणारी मावशी, दोघींचंही अर्धवट ज्ञान त्या खोलीत उघडं पडलं. मावशीला हे फारसं आवडलं नाही.

जरीचंही त्यांनी न विचारता सांगितलं. "टेस्टेड आहे. तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा. चांदीच्या तारेची हवी तर किंमत वेगळी, सांगून करावी लागेल." चार दुकानांत मिळून जेवढं खरं ऐकलं नव्हतं तेवढं या एका माणसाने दहा मिनिटांत सांगितलं.

पेटीतली तिसरी साडी काळी होती. काळं अंग, लाल काठ, चंद्रकला. ती मी खांद्यावर टाकली आणि खोलीतलं बोलणं थांबलं. मला ते आरशाशिवाय कळलं. "लग्नात काळं?" आई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. तिनेच होणाऱ्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, बहुधा त्यांनी नाही म्हणावं म्हणून. त्यांनी बघितलं, "अय्या, किती छान! संक्रांतीला घेऊ की!" म्हणाल्या. कोण घेणार, ते काही बोलल्या नाहीत. चंद्रकला पुन्हा कापडात गेली.

चौथी नेसून बघताना काकू मागावरून उठून आल्या. निऱ्या घातल्या, पदर लावला, आणि मी आरसा शोधत होते तर म्हणाल्या, "उभं राहून काय बघता? बसा." पाट दिला. मांडी घालून बसले. भरलेला पदर, मोठा काठ. बसल्याबरोबर निऱ्यांचा पुढे फुगा झाला, जर दंडाला घासायला लागली आणि पदराच्या ओझ्याने खांदा मागे ओढला गेला. "होमापुढे दोन तास बसायचंय ना? आता उठा. हात न टेकता." हात टेकावेच लागले. साडी काढून काकूंनी रेशीम मोजायच्या काट्यावर ठेवली: एक किलो शंभर ग्रॅम. इतक्या दुकानांत मला सगळ्यांनी उभंच केलं होतं. लग्नात नवरी मुख्यतः बसते, वाकते आणि पाया पडते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही.

म्हणून सांगून विणून घ्यायचं ठरलं. काठ तीन इंची, दोन ओळी मुनियांच्या, म्हणजे हिरवे पोपट. पदर २८ इंची, पण मोरांनी खच्चून भरलेला नको, असावलीची वेल, मधे मोकळी जर. अंगावर बुट्टी विरळ. वजन पाऊण किलोच्या आत.

रंगाला मात्र अट होती. डिसेंबरपर्यंत साडी हवी तर दुसऱ्या मागावर ताणा आधीच चढवलेला होता, तोच वापरावा लागणार. अंगाचा ताणा लाल. आपल्या हातात फक्त बाणा, म्हणजे आडवा धागा. आईने लगेच हिरवी लड उचलली. काकांनी लाल धागा आणि हिरवा धागा घेऊन बोटांत पीळ दिला आणि दारातल्या उजेडात धरला. मातकट, जवळजवळ तपकिरी. सुटे असताना दोन्ही रंग किती देखणे होते! मग पिवळा घेतला, शेंदरी झाला, तो मला उठून दिसत नाही. मोरपंखी निळ्याला पीळ दिला आणि ते बोटभर दोरीचं टोक जांभळं झालं, पण हलवलं की लाल, उलटं धरलं की निळं. माझ्या मनगटावर ठेवून बघितलं. आईने बघितलं. मावशीने खिडकीपाशी नेऊन बघितलं. माझ्या लग्नाच्या साडीचा रंग मी त्या दोन धाग्यांवर ठरवला, साडी न बघता. चार शनिवार दोनशे साड्या बघून जे झालं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं.

किंमत ठरली २९,०००, आगाऊ १०,०००. निघताना मावशीने आजीच्या पैठणीचं विचारलं. काकू म्हणाल्या, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घालायची, सुती कापडात ठेवायची, डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत आणि सेंट तर साडीवर कधीच उडवायचं नाही. आई गाडीत बराच वेळ गप्प होती.

दिवाळीच्या आत देतो म्हणाले होते. दिवाळी गेली. मग तुळशीचं लग्न झालं. काका दर आठवड्याला मागावरचा फोटो पाठवायचे आणि मी पडद्यावर बोट ठेवून इंच मोजायचे. उशीर का, तर घरात आजारपण आलं, पंधरा दिवस माग बंद. रागवायचं कुणावर? पण खरी अडचण मला फार उशिरा सुचली. ब्लाऊजपीस त्याच विणीत होता! साडी मागावरून उतरल्याशिवाय ब्लाऊज शिवायला टाकता येईना, आणि लग्नसराईत आमचे टेलर पंधरा दिवसांच्या खाली बोलायला तयार नव्हते. आमचे हे, जे तेव्हा अजून "हे" झाले नव्हते, म्हणाले, "दुसरा कुठला ब्लाऊज घाल ना." त्या दिवशी लग्न मोडायचंच बाकी होतं.

साडी आली ती लग्नाच्या नऊ दिवस आधी. माझ्या हातात यायच्या आधीच मावशीने पलंगावर पसरली, चष्मा लावला आणि काठ बोटाखालून सरकवत निघाली. सातशे चाळीस ग्रॅम, मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून घेतले. पदर दोन्हीकडून सारखा. डाव्या काठाला एके ठिकाणी मावशीचं बोट थांबलं. सगळ्या मुनियांना लाल चोच, एकीला चोचच नाही. अख्खं डोकं हिरवं.

फोन लावला. काकूंनी उचलला, ऐकलं आणि जराशा थांबल्या. "तिथे होय? पोरगं सायकलवरून पडलं होतं त्या दिवशी. उठून गेले, परत येऊन बसले, चोच राहिली वाटतं." मग म्हणाल्या, "पैसे कमी करते, ताई." आईने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. आई फोनमध्ये म्हणाली, "पोराला लागलं नाही ना फार?"

ब्लाऊज मावशीने दोन रात्रीत शिवला. फॉल हाताने लावला, कारण मशीनच्या टाक्याने म्हणे रेशीम ओढतं. कोपरापर्यंतच्या बाह्या मला नको होत्या, आखूड माणसाचे हात आणखी आखूड दिसतात. पण काठ फुकट जाईल म्हणून तिने तशाच केल्या. तिथे माझं काही चाललं नाही.

लग्नाच्या दिवशी होमापुढे मी सव्वादोन तास बसले. धूर डोळ्यांत गेला, पाय बधिर झाले, पण उठताना हात टेकले नाहीत. फोटोत साडीचा रंग एकसारखा कुठेच आला नाही. सप्तपदीत लाल, नंतरच्या गर्दीत जांभळा, संध्याकाळी दिव्यांत निळा. फोटोग्राफरने दोनदा विचारलं, साडी बदलली का.

स्टेजवर रांग लागली होती तेव्हा सासरकडच्या एक आजी वर आल्या. ओळख कुणी करून दिली नाही. हातात आहेराचं पाकीट होतं, ते त्यांनी काखेत धरलं, माझ्या खांद्यावरून पदराचं टोक उचललं, उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून जवळ नेऊन बघितलं, आणि "हं" म्हणाल्या. मग पाकीट दिलं.